गर्दीचे गणित मांडणारा एकांतप्रिय माणूस

परगावी फोन लावावा आणि त्या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त असल्याची ध्वनिमुद्रित सूचना कानी पडावी, हा अनुभव मोबाइलपूर्व काळातील प्रत्येकाच्या गाठीशी आहे. दिवाळीच्या सकाळी ती सूचना ऐकता ऐकता तास निघून जाई आणि चिडचिड होऊन सारा दोष दूरध्वनी खात्याच्या माथी मारला जाई. आणखी तारा टाकायला यांचे काय जाते, हा ग्राहकाचा प्रश्न रास्तच होता. पण त्याच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला होता. तारा नेमक्या किती टाकल्या म्हणजे पुरे? प्रत्येक ग्राहकासाठी एक तार राखून ठेवायची तर कोणतीही कंपनी बुडेल. फारच थोड्या ठेवायच्या तर ग्राहक बुडेल. या दोन टोकांमधली जागा अंदाजाने नव्हे, तर गणिताने शोधता येते, हे दाखवून दिले ते डेन्मार्कच्या एका अबोल शाळामास्तराने. आग्नर क्रारुप एर्लांग हे त्याचे नाव. दूरसंचाराच्या क्षेत्रात हे नाव आज एका एककाचे आहे आणि संगणकाच्या जगात एका प्रोग्रॅमिंग भाषेचे. ते धारण करणारा माणूस मात्र आयुष्यभर स्वतःला मागे ठेवून जगला.

आग्नरचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कच्या जटलंड प्रांतातील लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील हान्स निल्सेन एर्लांग हे गावचे शिक्षक आणि चर्चचे कारकून. आई माग्दालेन ही क्रारुप घराण्यातली. या घराण्यात धर्मोपदेशकांची परंपरा होती आणि त्याच्या पूर्वजांत थॉमस फिंके या गणितज्ञाचे नाव होते. त्रिकोणमितीत आजही शिकवले जाणारे टॅन्जंट आणि सीकंट हे शब्द फिंके यांनी १५८३ साली रूढ केले. आग्नरला फ्रेडरिक हा दोन वर्षांनी मोठा भाऊ आणि मारी व इंगेबोर्ग या दोन धाकट्या बहिणी होत्या. संध्याकाळी दोघे भाऊ एकाच पुस्तकाभोवती बसत. फ्रेडरिक रीतीप्रमाणे पुस्तक पुढ्यात धरी आणि आग्नर टेबलाच्या पलीकडच्या बाजूने तेच पान उलटे वाचून काढी. त्याला खगोलशास्त्राची विलक्षण ओढ होती आणि त्या विषयावर तो कविताही रचीत असे.

प्राथमिक शिक्षण वडिलांच्याच शाळेत झाले. चौदाव्या वर्षी आग्नर कोपनहेगनला जाऊन विद्यापीठाच्या पूर्वपरीक्षेला बसला. वय कमी असल्याने त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती. परीक्षा तो विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झाला आणि गावी परतला. पुढची दोन वर्षे त्याने वडिलांच्या शाळेत शिकवण्यात घालवली आणि त्या काळात फ्रेंच व लॅटिन भाषा आत्मसात केल्या. घरची स्थिती बेताचीच होती. १८९६ मध्ये तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला आणि शिष्यवृत्तीच्या आधारावर कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला. गणित हा मुख्य विषय, जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. झॉइथेन आणि युएल हे त्याचे गणिताचे गुरू. १९०१ साली पदवी हाती पडली.

पदवीनंतरची सात वर्षे एर्लांग यांनी निरनिराळ्या शाळांमध्ये शिकवले. त्यांचा कल संशोधनाकडे होता, तरी शिक्षक म्हणून ते उत्तम ठरले. फारसे कोणात मिसळणे त्यांच्या स्वभावात नव्हते. बैठकीत ते बोलण्यापेक्षा पाहणे पसंत करीत. बोललेच तर मोजक्या शब्दांत. मित्रमंडळींत त्यांची ओळख खासगी माणूस अशीच होती. उन्हाळी सुटीत ते फ्रान्स, स्वीडन, जर्मनी, इंग्लंड अशा देशांत जात आणि तेथील कलादालने व ग्रंथालये पालथी घालीत. नोकरी सांभाळून त्यांनी गणिताचा अभ्यास चालूच ठेवला होता. शून्यलब्धीच्या प्रश्नांना हायगेन्स यांनी दिलेल्या उत्तरांवर विद्यापीठाने निबंधस्पर्धा ठेवली होती. त्यातील एर्लांग यांच्या निबंधाची १९०४ मध्ये गौरवपूर्वक दखल घेण्यात आली. पण विद्यापीठातील पदाचे दार काही उघडले नाही.

दार उघडले ते भलतीकडे. एर्लांग डॅनिश गणितज्ञांच्या संघटनेच्या सभांना नियमित जात. तेथे त्यांची गाठ योहान येन्सेन यांच्याशी पडली. गणिताच्या विद्यार्थ्यांना येन्सेन यांची असमानता परिचित असते. ती मांडणारे हे येन्सेन कधीही प्राध्यापक नव्हते. ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत तांत्रिक विभागाचे प्रमुख होते आणि गणित ही त्यांची फावल्या वेळची साधना होती. कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक फ्रित्स योहान्सेन हेही वेगळ्या धाटणीचे गृहस्थ होते. ग्राहकाला किती वाट पाहावी लागते आणि एकाच वेळी किती कॉल येतात, या प्रश्नावर त्यांनी १९०७ साली स्वतः एक निबंध प्रसिद्ध केला होता. हा प्रश्न हिशेबनिसाचा नसून संभाव्यताशास्त्राचा आहे, हे त्यांनी ओळखले होते. पण तो तडीस नेण्यास लागणारे गणित त्यांच्यापाशी नव्हते. येन्सेन यांनी एर्लांग यांना योहान्सेन यांच्यासमोर उभे केले. १९०८ साली तिशीतल्या या शिक्षकाची कंपनीच्या नव्या प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली.

त्या काळी ग्राहकाने फोन उचलला की केंद्रातील ऑपरेटर त्याची मागणी ऐकून घेई आणि दोरीच्या टोकाची खुंटी योग्य भोकात खोचून दोन तारा जोडून देई. किती ऑपरेटर नेमायच्या, एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे किती तारा न्यायच्या, हे अनुभवी अधिकारी ठोकताळ्याने ठरवीत. ठोकताळा चुकला तर दोन गोष्टींपैकी एक होई. एक तर तांब्यात गुंतवलेला पैसा वाया जाई, नाहीतर ग्राहक ताटकळत राही. वैद्याला बोलावू पाहणाऱ्या माणसाला तार मिळाली नाही तर काय होईल, याचा हिशेब त्या ठोकताळ्यात नव्हता.

एर्लांग यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या निबंधात या प्रश्नाचा पाया घातला. शहरातले हजारो ग्राहक एकमेकांना न विचारता, आपापल्या गरजेने फोन उचलतात. कोण केव्हा उचलेल हे कोणालाच सांगता येणार नाही. पण या बेशिस्तीतच एक शिस्त असते. ठराविक काळात शून्य, एक, दोन किंवा दहा कॉल येण्याची शक्यता किती, हे फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांनी १८३७ साली मांडलेल्या नियमाने सांगता येते, असे एर्लांग यांनी सिद्ध केले. हाच नियम १८९८ मध्ये बोर्टकिएविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्यांच्या लाथेने मेलेल्या सैनिकांच्या आकड्यांना लावून दाखवला होता. दुर्मीळ अपघातांचा तो नियम आता शहराच्या रोजच्या बोलण्याचा नियम ठरला.

१९१७ साली आलेला दुसरा निबंध हे त्यांचे खरे स्मारक. स्वयंचलित केंद्रांचे युग उंबरठ्यावर होते. तेथे ग्राहकाची समजूत काढायला ऑपरेटर असणार नव्हती. तार मोकळी नसेल तर यंत्र कॉल सरळ नाकारणार होते. एर्लांग यांची युक्ती अशी होती. समजा, चार तारांचा एक गट आहे. नवा कॉल आला की व्यस्त तारांची संख्या एकाने वाढते, संभाषण संपले की एकाने घटते. दीर्घकाळ पाहिले तर ही संख्या तीनवरून चारवर जितक्या वेळा जाते, जवळजवळ तितक्याच वेळा चारवरून तीनवर येते. जमा आणि खर्च यांचा मेळ बसावा, तसा हा तोल. या संख्याशास्त्रीय समतोलातून, सर्वच्या सर्व तारा व्यस्त असण्याची शक्यता किती, याचे सूत्र बाहेर पडते. कॉल नाकारले जात असतील तर एक सूत्र आणि ते रांगेत थांबत असतील तर दुसरे, अशी दोन्ही उत्तरे त्यांनी दिली. पहिल्या सूत्राला संभाषणाची फक्त सरासरी लांबी पुरते; ती लांबी कशी विखुरली आहे याने उत्तर बदलत नाही, हे पुढच्या पिढीच्या गणितज्ञांनी पूर्णपणे सिद्ध केले.

सूत्राची ताकद आकड्यांत दिसते. तासाला साठ कॉल आणि प्रत्येक संभाषण सरासरी तीन मिनिटांचे, म्हणजे तासात १८० मिनिटांचे बोलणे. हा भार तीन तारा सतत व्यस्त ठेवील इतका आहे. आजच्या भाषेत तो तीन एर्लांग. आता फक्त एक एर्लांग भार घेऊ. त्यासाठी एकच तार ठेवली तर निम्मे कॉल परत जातात. दोन ठेवल्या तर शंभरातले वीस, तीन ठेवल्या तर सुमारे सहा आणि चार ठेवल्या तर जेमतेम दीड. प्रत्येक जादा तार किती दिलासा देते, हे कंपनीला प्रथमच आकड्यात कळले. किती टक्के नकार ग्राहकावर लादायचा, हा निर्णय आता कंपनीला जाणूनबुजून घ्यावा लागणार होता. नाइलाजाची सबब संपली.

त्याच सूत्रात आणखी एक धडा होता आणि त्याचे महत्त्व पुढे फार वाढले. दहा तारांच्या गटावर दहा एर्लांग भार टाकला तर शंभरातले सुमारे एकवीस कॉल नाकारले जातात. असे दहा गट वेगवेगळे ठेवले, तर प्रत्येकाची गत तीच. पण याच शंभर तारा एकत्र करून एकच गट केला आणि सारा शंभर एर्लांग भार त्यावर सोपवला, तर नाकारले जाणारे कॉल साडेसातांवर येतात. तारा तितक्याच, बोलणारी माणसे तितकीच. फरक एवढाच की आता कोणतीही मोकळी तार कोणाच्याही कामी येते. आपल्याकडे बँका आणि रेल्वेच्या आरक्षण खिडक्यांनी प्रत्येक खिडकीपुढची वेगळी रांग मोडून टोकन पद्धतीची एकच रांग केली, तेव्हा ग्राहकाला जो दिलासा मिळाला त्यामागे हेच तत्त्व आहे.

सूत्राच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. नकार मिळालेला ग्राहक निमूटपणे निघून जातो आणि प्रत्येक जण इतरांपासून स्वतंत्रपणे फोन करतो, असे त्यात गृहीत धरले आहे. दिवाळीच्या सकाळी ही दोन्ही गृहीतके कोसळतात. सगळे एकाच कारणासाठी, एकाच वेळी फोन उचलतात आणि नकार मिळताच पुन्हा पुन्हा आकडे फिरवतात. मग गर्दीच गर्दीला जन्म देते. म्हणूनच अशा दिवसांसाठी पुढील काळातील अभियंत्यांना वेगळे गणित मांडावे लागले.

एर्लांग केवळ कागदावरचे गणितज्ञ नव्हते. प्रयोगशाळेत सुरुवातीला त्यांच्या हाताखाली कोणी नव्हते आणि मोजमापे स्वतःच घ्यावी लागत. जमिनीखालच्या केबलींमधून होणारी विजेची गळती शोधण्यासाठी ते कोपनहेगनच्या रस्त्यांवरून फिरत आणि त्यांच्यामागे शिडी घेतलेला एक कामगार चालत असे. शिडी मॅनहोलमध्ये सोडून प्रयोगशाळेचे प्रमुख स्वतः खाली उतरत. तारांच्या मोजणीसाठी त्यांनी तयार केलेला विद्युत सेतू त्यांच्याच नावाने ओळखला गेला. गणिती कोष्टके तयार करणे हा त्यांचा आणखी एक छंद. लॉगॅरिथमची कोष्टके कमी श्रमात आणि अचूक कशी बनवावीत, यावर त्यांनी स्वतंत्र पद्धती शोधल्या होत्या.

त्यांचे लेखन अत्यंत आटोपशीर असे. कित्येक ठिकाणी ते निष्कर्ष देत आणि सिद्धता वाचकावर सोडून देत. त्यामुळे जाणकारांनाही ते समजायला जड जाई. तरीही १९१७ च्या निबंधाचे इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच भाषांत अनुवाद झाले आणि ब्रिटिश पोस्ट ऑफिसने आपल्या दूरध्वनी यंत्रणेच्या हिशेबासाठी त्यातील सूत्र स्वीकारले. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील एका संशोधकाने एर्लांग यांचे निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकून घेतली, असे सांगितले जाते. विद्यापीठाने ज्याला जागा दिली नाही, त्याचे लिखाण आता देशोदेशीचे अभियंते अभ्यासत होते.

एर्लांग यांनी लग्न केले नाही. काम आणि वाचन यांतच त्यांचा दिवस मावळे आणि रात्रही बरीच सरे. गणित, खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांचा मोठा संग्रह त्यांनी केला होता. इतिहास, तत्त्वज्ञान आणि काव्य यांतही त्यांना रस होता. मित्रांना कोणत्याही विषयावरची माहिती हवी असली की ते हक्काने त्यांच्याकडे येत. गरजू माणसेही येत. अशी माणसे थेट प्रयोगशाळेत येऊन थडकत आणि एर्लांग गाजावाजा न करता, कोणाला कळू न देता त्यांची नड भागवीत. स्वतः गर्दीपासून दूर राहणारा हा माणूस दारी आलेल्याला मात्र परत पाठवीत नव्हता.

कंपनीत त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली आणि या काळात आजारपणासाठी एकही दिवस रजा घेतली नाही. १९२९ च्या जानेवारीत मात्र पोटाच्या दुखण्याने त्यांना रुग्णालयात नेण्यात आले. शस्त्रक्रिया झाली, पण ते त्यातून उठले नाहीत. रविवार, ३ फेब्रुवारी १९२९ रोजी वयाच्या एकावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या स्वयंचलित दूरध्वनीच्या युगासाठी त्यांनी सूत्रे रचली, ते पूर्ण भरात आलेले त्यांनी पाहिले नाही.

सन्मान आला तो मृत्यूनंतर. १९४६ साली आंतरराष्ट्रीय दूरध्वनी सल्लागार समितीने दूरध्वनी वाहतुकीच्या एककाला एर्लांग हे नाव दिले. एक तार तासभर सतत व्यस्त राहिली की तो एक एर्लांग भार. १९४८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीने त्यांचे चरित्र आणि समग्र निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांचे रांगेचे सूत्र आजही कॉल सेंटरांमध्ये किती माणसे कोणत्या पाळीत बसवायची, हे ठरवताना वापरले जाते.

त्यांच्या नावाचा दुसरा जन्म झाला शेजारच्या स्वीडनमध्ये. दूरध्वनी यंत्रणा बनवणाऱ्या एरिक्सन कंपनीच्या संगणक प्रयोगशाळेत १९८६ च्या सुमारास ज्यो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी एका नव्या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम सुरू केले. तिला नाव मिळाले एर्लांग. त्यात एरिक्सन लँग्वेज अशी शब्दांची गंमतही साधली होती. या भाषेत प्रत्येक काम एका स्वतंत्र, छोट्या प्रोसेसकडे सोपवले जाते. एका संभाषणाची एक प्रोसेस, अशी ती कल्पना. एक प्रोसेस कोसळली तरी बाकीच्या चालू राहतात. प्रोसेस एकमेकींच्या स्मृतीला हात लावीत नाहीत. फक्त निरोप पाठवतात आणि प्रत्येकीच्या टपालपेटीत ते निरोप रांगेत उभे राहतात. १९९८ मध्ये खुद्द एरिक्सनने नव्या कामांसाठी या भाषेचा वापर थांबवला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती सर्वांना मोफत खुली करण्यात आली. पुढे व्हॉट्सॲपसारख्या सेवेने आपला डोलारा तिच्यावरच उभारला.

अशा सेवेत एक संगणक पुरत नाही. अनेक संगणक जोडलेले असतात. त्या प्रत्येकाला नोड म्हणतात. एकाच कामाला वाहिलेल्या प्रोसेस या नोडांवर विखुरलेल्या असतात आणि काम मागणाऱ्याला त्यांचे पत्ते ठाऊक नसतात. जुन्या कचेऱ्यांत हंटिंग लाइन असे. नंबर एक, पण त्यामागे अनेक तारा. बाहेरच्याने एकच नंबर फिरवायचा, मोकळी तार यंत्राने शोधायची. प्रोसेसच्या नामांकित गटाची कल्पना तिच्या जवळची आहे. गटाला नाव द्यायचे, कोणत्याही नोडवरच्या प्रोसेसने त्या नावाखाली नोंद करायची आणि विचारणाऱ्याला सभासदांची यादी मिळवून द्यायची. पुढे निरोप साऱ्यांना धाडायचा की त्यातल्या एकाला, हे त्याने ठरवायचे.

हे साधे वाटणारे काम प्रत्यक्षात जिकिरीचे असते. एर्लांग भाषेतील जुन्या पीजी-टू या व्यवस्थेत एक प्रोसेस गटात आली किंवा गेली की सर्व नोडांवर मिळून कुलूप घालून नोंद बदलली जाई, म्हणजे सगळीकडची यादी एकसारखी राहावी. नोड वाढत गेले तसा या कुलपासाठी खोळंबा वाढला. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत कोणीच पुढे जायचे नाही, अशी ती रीत होती. व्हॉट्सॲपच्या अभियंत्यांनी दिलेली पीजी ही नवी व्यवस्था २०२० साली भाषेच्या ओटीपी २३ या आवृत्तीत आली आणि २०२१ च्या ओटीपी २४ मध्ये जुनी व्यवस्था काढून टाकण्यात आली.

नव्या व्यवस्थेत प्रत्येक नोड फक्त आपल्या घरच्या सभासदांची खातरजमा करतो आणि बदल झाला की जोडलेल्या नोडांना कळवतो. दोन नोडांची नव्याने गाठ पडली की ते एकमेकांना आपापल्या याद्या देतात. संपर्क तुटला की त्या नोडचे सभासद यादीतून वगळले जातात. एखादी प्रोसेस संपली की तिचे नाव आपोआप निघते आणि शेवटचा सभासद गेला की गटही उरत नाही. क्षणभर दोन नोडांवरच्या याद्या वेगळ्या असू शकतात आणि ज्या नोडाशी थेट जोडणी नाही त्याचे सभासद दिसतच नाहीत. वापरणाऱ्याने हे गृहीत धरूनच काम करायचे असते: यादीतली प्रोसेस निरोप पोहोचेपर्यंत संपलेली असू शकते. पूर्ण निश्चितीचा आग्रह सोडून वेग आणि विस्तार साधण्याचा हा सौदा आहे. काही कॉल नाकारले जातीलच हे मान्य करून त्याचे प्रमाण मोजायला बसलेल्या एर्लांग यांना तो अनोळखी वाटला नसता.

गटात किती प्रोसेस असाव्यात, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणतीही यादी देत नाही. तेथे पुन्हा १९१७ च्या निबंधाकडे वळावे लागते. निरोप अनियमितपणे येत असतील आणि कामाची लांबीही अनियमित असेल, तर निम्मा वेळ व्यस्त असलेल्या एकट्या प्रोसेसपुढे निरोपाला सरासरी एका कामाइतका वेळ थांबावे लागते. ती ऐंशी टक्के व्यस्त झाली की चार कामांइतका, नव्वद टक्क्यांना नऊ आणि पंचाण्णव टक्क्यांना एकोणीस कामांइतका. शेवटच्या थोड्याशा मोकळिकीचा मोह धरला की रांग हाताबाहेर जाते, हा जुन्या ऑपरेटरांचा अनुभव आजच्या संगणकांनाही चुकलेला नाही.

लोनबोर्गच्या शाळामास्तराच्या या मुलाने आयुष्यात फार थोडे निबंध लिहिले आणि स्वतःविषयी तर जवळजवळ काहीच सांगितले नाही. दुसऱ्याची प्रतीक्षा किती असावी, याचा विचार मात्र त्याने वीस वर्षे केला. रात्री उशिरा कोणी डॉक्टरांना फोन लावतो, मुलाचा निरोप सातासमुद्रापलीकडून आईच्या मोबाइलवर येतो. मध्ये कितीतरी तारा आणि कितीतरी प्रोसेस कामाला लागलेल्या असतात. त्यांपैकी एखादी वेळेवर मोकळी सापडते, तेव्हा त्यामागे बहुधा कुणीतरी एर्लांग यांचे गणित आधीच करून ठेवलेले असते.